गोदीच्या हजेरीतून उभे राहिलेले गँबिनो घराणे

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील रेड हुक भागात १९३० च्या दशकात रोज सकाळी आठच्या सुमारास धक्क्याधक्क्यांवर गोदी कामगार अर्धवर्तुळ करून उभे राहत असत. मुकादम समोर येई, चेहरे न्याहाळी आणि त्या दिवसाच्या कामाला लागतील तेवढी माणसे निवडून घेई. उरलेल्यांनी घरी जायचे, नाहीतर दुपारच्या पाळीला पुन्हा येऊन उभे राहायचे. मजुरीतला वाटा परत द्यायची ज्याची तयारी असे, तो काही धक्क्यांवर कानावर दात कोरायची काडी खोचून येत असे, म्हणजे मुकादमाला तोंडाने काही विचारावे लागत नसे. ज्याच्या हाताशी पैसे नसत त्याला धक्क्यावरचाच सावकार कर्ज देई, आणि कर्ज फिटेपर्यंत त्या माणसाला काम मिळण्याची शक्यता वाढे, कारण वसुलीचा तोच एक मार्ग होता. नेमून दिलेल्या न्हाव्याकडे केस कापण्याचे पैसे भरावे लागत, मग केस कापून घेतलेले असोत वा नसोत. हा सगळा पैसा वर झिरपत इटालियन-अमेरिकी माफियाच्या ज्या टोळीकडे जात होता, तिला आज जग गँबिनो घराणे म्हणून ओळखते.

या घराण्याबद्दल आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा पाच-सहा खुनांच्या साखळीपुरते असते. मुंबईतल्या टोळ्यांचा इतिहासही आपण असाच सांगतो: कोणाला कुठे गाठले, कोणी कोणाचा काटा काढला, कोणाची गादी कोणाकडे गेली. या पद्धतीचा मला मनापासून राग येतो, कारण तिच्यात ज्यांच्या मजुरीतून हा पैसा गेला ती माणसे कुठेच दिसत नाहीत. माझे वडील मुंबई गोदीत कामाला होते आणि आमचे बालपण माझगावच्या चाळीत गेले. वडिलांपेक्षा वयाने मोठे असलेले कामगार टोळीवाल्यांच्या काळाबद्दल सांगत. टोळीवाला माणसे पुरवायचा आणि त्यांच्या मजुरीतला आपला हिस्सा आधी काढून घ्यायचा. १९४८ चा गोदी कामगार कायदा आणि त्यामागोमाग आलेले डॉक लेबर बोर्ड यांमुळे नावाची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचा भत्ता पदरात पडू लागला. गोदीबाहेरच्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. ज्यांच्यापर्यंत असे कोणतेच कायदे पोहोचले नाहीत, ते मजूर आजही सकाळी आपल्या नाक्यानाक्यांवर डबा घेऊन उभे असतात, आणि रेड हुकचे अर्धवर्तुळ कसे असेल हे समजण्यासाठी मुंबईकराला त्यापलीकडे जावे लागत नाही.

घराण्याची सुरुवात साल्वातोर डाक्विला या पालेर्मोहून आलेल्या माणसापासून धरतात. तो १९२८ मध्ये मारला गेला. त्याच्या जागी आलेला अल मिनेओ १९३० मध्ये, दोन मोठ्या गटांत पेटलेल्या लढाईत मारला गेला. ही लढाई १९३१ मध्ये दोन्ही बाजूंचे म्होरके, जो मासेरिया आणि साल्वातोर मारांझानो, पाच महिन्यांच्या अंतराने मारले जाऊन संपली. त्यानंतर लकी लुचियानो या टोळीप्रमुखाने न्यूयॉर्कच्या पाच माफिया टोळ्यांची, म्हणजे घराण्यांची, एक सामाईक समिती बसवली आणि त्यांपैकी एका घराण्याची सूत्रे व्हिन्सेंट मँगानोकडे आली. मँगानोची खरी ताकद ब्रुकलिनच्या धक्क्यांवर होती. तिथल्या गोदी कामगार संघटनेच्या सहा शाखा एमिल कॅमार्डा या पुढाऱ्याच्या कुटुंबाच्या मुठीत होत्या आणि कॅमार्डा व मँगानो यांनी मिळून एक राजकीय क्लबही चालवला होता. म्हणजे मुकादम, संघटना, पक्षाचे कार्यकर्ते आणि टोळी यांचे हात एकमेकांत गुंतलेले होते. जहाज धक्क्याला लागल्यापासून प्रत्येक तास मालकाला पैसे मोजावे लागत. नाशवंत माल असेल तर तो डोळ्यांदेखत सडत असे. त्यामुळे काम बंद पाडण्याची नुसती धमकी पुरेशी होती. टोळीने गोदी विकत घेतली नव्हती. जिथे माणूस कामासाठी ताटकळतो आणि माल उतरण्यासाठी खोळंबतो, त्या एका जागेवर तिने ठाण मांडले होते. या घराण्याचा पुढचा सगळा इतिहास मला अशाच जागा शोधण्याचा इतिहास वाटतो.

या जागेला हात घालणारा माणूस पीट पँटो. तो स्वतः गोदी कामगार होता, तिशीच्या आतला. १९३९ च्या उन्हाळ्यात त्याने ब्रुकलिनमध्ये कामगारांच्या उघड सभा घ्यायला सुरुवात केली. मजुरीतला वाटा परत देणे बंद व्हावे, माणसे निवडण्याची पद्धत बदलावी, संघटनेत मतदान व्हावे, अशा त्याच्या मागण्या होत्या. जुलैमधल्या एका सभेला हजाराहून अधिक कामगार जमले. ज्यांच्या रोजच्या भाकरीचा निर्णय मुकादमाच्या नजरेवर अवलंबून होता, अशा माणसांनी त्याच मुकादमाविरुद्धच्या सभेला उजळ माथ्याने येऊन बसणे म्हणजे काय, हे गोदीच्या वस्तीत वाढलेल्याला सांगावे लागत नाही. कॅमार्डाने पँटोला बोलावून घेतले आणि काही लोकांना तुझे हे उद्योग पसंत नाहीत, असे बजावले. पँटो थांबला नाही.

१४ जुलै १९३९ च्या संध्याकाळी तो घरातून निघाला. काही माणसांना भेटायचे आहे, आणि मी परत आलो नाही तर पोलिसांना कळवा, असे त्याने जवळच्यांना सांगून ठेवले होते. तो परतला नाही. त्यानंतर रेड हुकच्या भिंतींवर, धक्क्यांवर खडूने लिहिलेला एकच प्रश्न दिसू लागला: पँटो कुठे आहे? तो इटालियनमध्ये लिहिलेला असे आणि इंग्रजीतही. पुसला तरी पुन्हा उमटे. संघटनेच्या शाखांत तोंड उघडण्याची सोय नव्हती, म्हणून कामगारांनी भिंतींना बोलते केले. दीड वर्षाने, जानेवारी १९४१ मध्ये, न्यू जर्सीतल्या लिंडहर्स्ट येथे चुनखडी टाकून पुरलेले त्याचे प्रेत सापडले.

हा खून अल्बर्ट अनास्तासियाच्या हुकमावरून झाला, असे टोळीतून फुटून सरकारी साक्षीदार झालेल्यांनी सांगितले. अनास्तासिया दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा. पहिल्या महायुद्धानंतर जहाजावरून उतरून पसार झालेला खलाशी. एका गोदी कामगाराच्या खुनाबद्दल त्याला १९२१ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती, परंतु फेरसुनावणीच्या वेळी साक्षीदारच उरले नाहीत आणि तो सुटला. पुढे ज्या मारेकरी टोळक्याला वृत्तपत्रांनी मर्डर इन्कॉर्पोरेटेड असे नाव दिले, त्याचा तो एक प्रमुख होता. एब रेलेस हा त्याच टोळक्यातला माणूस सरकारच्या बाजूने बोलू लागला होता. १२ नोव्हेंबर १९४१ रोजी, पोलिसांचा पहारा असतानाच, कोनी आयलंडच्या हाफ मून हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. ब्रुकलिनचा सरकारी वकील विल्यम ओड्वायर याने त्यानंतर अनास्तासियावर खटला भरलाच नाही. १९४५ मध्ये ग्रँड ज्युरीने त्याच्यावर याबद्दल ठपका ठेवला. तरीही १९४६ मध्ये तो न्यूयॉर्कचा महापौर झाला. दुसऱ्या महायुद्धात अनास्तासिया अमेरिकी लष्करात होता, पेनसिल्व्हेनियातल्या छावणीत सैनिकांना जहाजावरचा माल चढवण्या-उतरवण्याचे शिक्षण देत होता, आणि १९४३ मध्ये त्याला अमेरिकेचे नागरिकत्वही मिळाले. पँटोच्या खुनाबद्दल अनास्तासियाला शिक्षा झाली नाही. या संपूर्ण इतिहासातला मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हा आहे, आणि बंदुकांच्या गोष्टी सांगणारे नेमका हाच भाग दोन ओळींत उरकतात.

एप्रिल १९५१ मध्ये व्हिन्सेंट मँगानो नाहीसा झाला आणि त्याचा भाऊ फिलिप याचे प्रेत ब्रुकलिनमध्ये सापडले. व्हिन्सेंटचे प्रेत कधीच मिळाले नाही. अनास्तासिया घराण्याचा प्रमुख झाला. त्याचा भाऊ अँथनी अनास्तासिओ ब्रुकलिनच्या गोदी कामगार शाखेचा पुढारी होता, त्यामुळे धक्का आणि टोळी आता एकाच घरात नांदू लागली. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी मॅनहॅटनच्या पार्क शेरेटन हॉटेलातल्या केशकर्तनालयात, खुर्चीत बसलेला असताना, अनास्तासियाला गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी कोण, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १४ नोव्हेंबरला, न्यूयॉर्क राज्यातल्या अपालाचिन गावी एका बंगल्यावर जमलेल्या टोळीप्रमुखांची बैठक राज्य पोलिसांनी उधळली आणि साठाच्या आसपास माणसे ताब्यात घेतली. देशव्यापी असे काही संघटन आहे हे मान्य करण्यास तोवर नाखूश असलेल्या एफबीआयला यानंतर डोळेझाक करता आली नाही. पकडलेल्यांत घराण्याचा नवा प्रमुख होता: कार्लो गँबिनो.

गोदीत मधल्या काळात बदल सुरू झाले होते. माल्कम जॉन्सन या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या धक्क्यांवरील गुन्हेगारीवर लिहिलेल्या लेखमालेला १९४९ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून बंदर आयोग नेमला. सकाळची उभे राहण्याची पद्धत बंद झाली, नोंदणी आली आणि भरतीची केंद्रे आली. मुंबईत हे पाच वर्षे आधी कायद्यात आले होते, याचा मला अभिमान वाटतो, आणि त्याचे श्रेय इथल्या गोदी कामगारांच्या चळवळीलाही द्यायला हवे. बंदराकडे जाणारे ट्रक आजही ज्या रस्त्याने जातात त्याला पी. डिमेलो या गोदी कामगार पुढाऱ्याचे नाव आहे.

आयोग आला म्हणून टोळी मात्र गेली नाही. अँथनी अनास्तासिओ १९६३ मध्ये वारला आणि शाखेची सूत्रे त्याचा जावई अँथनी स्कॉटो याच्याकडे आली. स्कॉटो शिकलेला, नीटनेटका, राजकारण्यांत ऊठबस असलेला पुढारी होता. जहाज व्यवसायातल्या कंपन्यांकडून पैसे घेतल्याबद्दल १९७९ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तेव्हा त्याच्या चारित्र्याची ग्वाही द्यायला राज्याचा विद्यमान गव्हर्नर ह्यू केरी आणि न्यूयॉर्कचे दोन माजी महापौर, रॉबर्ट वॅग्नर व जॉन लिंडसे, न्यायालयात आले होते. स्कॉटो दोषी ठरला आणि त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. चाळीस वर्षांपूर्वी पँटो ज्यांच्याविरुद्ध बोलत होता त्यांची पुढची पिढी कोणाकोणाच्या मांडीला मांडी लावून बसली होती, ते या एका साक्षीदारांच्या यादीवरून दिसते.

ब्रुकलिनचे धक्के शेवटी ओस पडले ते पोलिसांमुळे नव्हे, कंटेनरमुळे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीनचे आयडियल एक्स हे जहाज कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि पुढच्या दोन दशकांत न्यूयॉर्कचा बहुतेक माल खाडीपलीकडे न्यू जर्सीच्या मोकळ्या जागेत उतरू लागला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झाल्यावर भाऊच्या धक्क्यापासून ससून डॉकपर्यंतच्या पट्ट्याचे काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रेड हुकची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

कार्लो गँबिनो १९०२ मध्ये पालेर्मोत जन्मला आणि १९२१ मध्ये अमेरिकेत आला. दुसऱ्या महायुद्धात रेशनच्या कुपनांच्या काळ्या बाजारात त्याने मोठा पैसा केला. तो कमी बोलणारा, साधा राहणारा, वर्तमानपत्रांपासून दूर राहणारा माणूस होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दारूवरचा कर चुकवल्याबद्दल भोगलेल्या तुरुंगवासानंतर तो पुन्हा तुरुंगात गेला नाही, आणि १५ ऑक्टोबर १९७६ रोजी लाँग आयलंडवरील मॅसापिक्वाच्या आपल्या घरी हृदयविकाराने मरण पावला. १९६३ मध्ये जो व्हालाची या टोळीसदस्याने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली तेव्हा या घराण्याचा प्रमुख कार्लो होता, म्हणून त्याचेच नाव घराण्याला कायमचे चिकटले.

धक्के ओसरत असताना गँबिनो घराण्याने दुसऱ्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या. त्यातली एक मला फार जवळची वाटते, कारण गिरणगावाच्या शेजारी वाढलेल्याला कपड्याचा धंदा परका नसतो. मॅनहॅटनच्या कपडा बाजारात कापड एका ठिकाणी कापले जाई आणि शिवणकाम दूरवरच्या, विशेषतः चायनाटाउनमधल्या, छोट्या कारखान्यांत होई. या दोहोंमध्ये माल नेणारे ट्रक थोड्या कंपन्यांच्या हातात होते आणि त्यांत कार्लोचा मुलगा थॉमस गँबिनो प्रमुख होता. कोणत्या कारखान्याचा माल कोणाच्या ट्रकमधून जाणार, हे वाटून ठरलेले असे आणि कारखानदाराला वाहतूकदार बदलता येत नसे. फॅशनचा माल हंगामात पोहोचला नाही तर चिंधीच्या भावाने जातो, म्हणून कोणी तक्रार करत नसे. हा भुर्दंड शेवटी शिवणयंत्रावर बसलेल्या बाईच्या मजुरीतूनच निघत होता.

हे सिद्ध कसे करावे, हा तपास यंत्रणेपुढचा प्रश्न होता, कारण साक्ष द्यायला कोणी पुढे येत नव्हते. तेव्हा त्यांनी क्रिस्टी स्ट्रीटवर स्वतःच एक शिवणकामाचा कारखाना थाटला. वेषांतर केलेला तपास अधिकारी मालक म्हणून बसला आणि वाहतूकदार बदलू पाहिला की काय होते, याचा अनुभव कागदोपत्री व ध्वनिफितीत गोळा होऊ लागला. थॉमस गँबिनोच्या कार्यालयातही ध्वनियंत्र बसवण्यात आले. १९९२ मध्ये खटला सुरू झाल्यानंतर थॉमस आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी तडजोड केली: १ कोटी २० लाख डॉलर दंड भरायचा आणि कपडा बाजाराच्या वाहतुकीतून बाहेर पडायचे. त्यांना तुरुंगात जावे लागले नाही, म्हणून अनेकांनी तेव्हा टीका केली. मला मात्र ही शिक्षा योग्य वाटते, कारण तिने माणसापेक्षा त्या अडवणुकीच्या जागेवरच घाव घातला.

कार्लोनंतर त्याचा मेहुणा पॉल कॅस्टेलानो प्रमुख झाला. त्याच्या काळात काँक्रीटमधला पैसा मोठा होता. न्यूयॉर्कमध्ये २० लाख डॉलरच्या वरची काँक्रीटची कंत्राटे टोळ्यांनी ठरवलेल्या मोजक्या ठेकेदारांनाच मिळत आणि कंत्राटाच्या २ टक्के रक्कम घराण्यांच्या समितीकडे जाई. काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकचालकांच्या संघटनेवर गँबिनोंची पकड होती, आणि मिक्सरमधले ओले काँक्रीट तासन्‌तास थांबत नाही, हे टॉवरांच्या या शहरात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. १९८३ मध्ये एफबीआयने स्टेटन आयलंडवरील कॅस्टेलानोच्या बंगल्यात गुप्तपणे ध्वनियंत्र बसवले. १९७० च्या रिको कायद्यामुळे एकेका गुन्ह्याऐवजी संपूर्ण संघटनेचा धंदाच न्यायालयापुढे मांडता येत होता. आपल्याकडचा १९९९ चा मोक्का कायदाही संघटित टोळीलाच लक्ष्य करतो. फेब्रुवारी १९८५ मध्ये पाचही घराण्यांच्या म्होरक्यांवर एकत्र आरोप ठेवले गेले. १६ डिसेंबर १९८५ रोजी मॅनहॅटनच्या स्पार्क्स स्टेक हाउससमोर कॅस्टेलानो मारला गेला, त्यामुळे नोव्हेंबर १९८६ चा दोषनिश्चितीचा निकाल त्याने पाहिला नाही. बहुतेक आरोपींना प्रत्येकी १०० वर्षांची शिक्षा झाली.

कॅस्टेलानोला मारवणारा जॉन गॉटी या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध माणूस, आणि माझ्या मते सर्वांत कमी लिहिण्याजोगा. उंची सूट, छायाचित्रकारांपुढची ऐट आणि लागोपाठ तीन खटल्यांतून सुटका, यांमुळे वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यांपैकी १९८७ च्या खटल्यातला एक ज्युरर लाच घेऊन बसला होता, हे पुढे सिद्ध झाले. लिटल इटलीतल्या रॅव्हनाइट क्लबच्या वरच्या एका घरात, जिथे गॉटी खासगी बोलण्यासाठी जात असे, एफबीआयने ध्वनियंत्र लावले. त्यातला आवाज आणि त्याचा उजवा हात सॅमी ग्रॅव्हानो याची साक्ष यांवर २ एप्रिल १९९२ रोजी तो दोषी ठरला. १९ खुनांत सहभाग कबूल करणाऱ्या ग्रॅव्हानोला ५ वर्षांची शिक्षा झाली. गॉटी २००२ मध्ये तुरुंगाच्या रुग्णालयात कर्करोगाने मेला.

त्याचा भाऊ पीटर गॉटी २००३ मध्ये दोषी ठरला तो पुन्हा बंदरातल्याच खंडणीसाठी. १९५३ चा बंदर आयोग सत्तर वर्षे चालला. न्यू जर्सीने त्यातून बाहेर पडायचे ठरवले आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला तो अधिकार आहे असे सांगितल्यावर तो बरखास्त झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिनच्या संघराज्य न्यायालयात गँबिनो घराण्याशी संबंधित म्हणून १० जणांवर आरोपपत्र दाखल झाले. आरोप कचरा वाहतूक आणि इमारती पाडण्याच्या धंद्यातले होते: कचरा वाहणाऱ्या एका व्यावसायिकाकडून खंडणी उकळणे आणि त्यासाठी त्याच्या घराच्या पायऱ्यांना आग लावणे, कंत्राटांच्या निविदा आपसांत ठरवून भरणे, आणि कामगार संघटनांच्या कल्याण निधीतले पैसे लाटणे.